काम सुरू व्हायच्या आधी बोल, मग फेडर हलव

पत्र:

दादा नमस्कार, नाव छापू नका. वय २६, राहायला कसबा बावडा, कोल्हापूर. मेकॅनिकल केलंय, शिरोली एमआयडीसीत क्वालिटीला आहे, हातात २४ हजार येतात. रात्री घरी वरच्या खोलीत (दहा बाय बारा आहे) मिक्सिंग-मास्टरिंग (गाण्यातले सगळे आवाज जुळवून शेवटची फाइल तयार करणं) करतो. मंडळांची गाणी, जोतिबाची गाणी, पोवाडे, दोन-तीन रॅपर पोरं पण आहेत. गाण्याला दीड हजार सांगतो, निम्म्यांचे येतच नाहीत. सगळे ओळखीचे, "भावा करून दे की, आपलंच हाय". मग करेक्शन संपतच नाहीत आणि शेवटी सगळ्यांचं एकच, अजून लाऊड कर. घरी मिक्स भारी वाटतं पण डॉल्बीवर (मिरवणुकीतल्या मोठ्या स्पीकरांवर) लावलं की बास एकतर गायब नाहीतर नुसता घुमतो. दोन लाखाचं लोन काढून चांगले मॉनिटर स्पीकर घ्यावेत म्हणतोय. नोकरी सोडून मुंबईला जावं का इथंच पूर्णवेळ करावं तेही कळंना. वडील एसटीत होते, त्यांचं म्हणणं रात्रभर हेडफोन घालून बसणं हे काय काम हाय का. आणि एक, गणपतीपासून उजव्या कानात बारीक शिट्टी वाजल्यासारखं होतंय, कधी जातं कधी येतं.

उत्तर:

भावा, लोन काढू नकोस. बाकी सगळं निवांत बोलू पण हे आधी सांगतो, कारण असल्या गोष्टीत सही पटकन होते आणि हप्ते पुढं तीन-चार वर्षं चालतात. दोन लाखाचे स्पीकर तू आणणार आणि ठेवणार त्याच खोलीत, जी खोली तुला आत्ता खोटं ऐकवतीय. स्पीकर बदलला म्हणून खोली खरं बोलायला लागत नाही.

तुझी खोली दहा बाय बारा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, त्या हिशोबानं दहा फूट अंतराच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपास आणि बारा फूटवाल्यांमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपास आवाज अडकून बसतो. आता तुझा किक (बास ड्रम) आणि ८०८ (इलेक्ट्रॉनिक बास) कुठं वाजतात आठव, नेमके ह्याच पट्ट्यात. त्यामुळं खोलीत एका जागी बास डबल ऐकू येतो आणि दोन पावलं सरकलास की गुल. भिंतीजवळ आणि कोपऱ्यात सगळ्यात जास्त, बरोबर मधोमध सगळ्यात कमी. खुर्ची खोलीच्या मध्यावर येत असेल तर तुला बास कमी वाटतो, तू वाढवत जातोस आणि डॉल्बीवर तो घुमतो. पाठ भिंतीला टेकवून बसत असशील तर उलटं होतं, तुला जास्त वाटतो, तू कापतोस आणि मिरवणुकीत गाणं पोकळ. तुझं दोन्ही होतंय म्हणजे मला वाटतं तू कधी हेडफोनवर, कधी स्पीकरवर आणि कधी गादीवर लोळून मिक्स करतोयस.

म्हणून आधी जागा ठरव. दहा फुटाच्या भिंतीकडं तोंड कर, स्पीकर डाव्या-उजव्या भिंतीपासून सारख्या अंतरावर ठेव आणि तुझे कान समोरच्या भिंतीपासून साधारण साडेचार फुटावर येतील असं बस. बारा फुटाचे ३८ टक्के म्हणजे एवढंच, आणि सुरुवातीला ही जागा बहुतेक खोल्यांत बरी निघते. मग ४० पासून १०० हर्ट्झपर्यंतचा साधा टोन हळूहळू चढवत ऐक, कुठं फुगतो कुठं बुडतो ते वहीत लिही, खुर्ची पुढं-मागं करून परत ऐक. रूम ईक्यू विझार्ड नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, एखादा साधा मेजरमेंट माइक कुणाकडून दोन दिवस मागून घेतलास तर आलेख समोर दिसेल. कोपऱ्यात रॉकवूल लाव, पण जाड लाव, चार ते सहा इंच, नीट कापडात शिवून. ते अंड्याच्या ट्रेसारखं फोम भिंतीला चिकटवू नकोस, त्यानं टाळीचा आवाज कमी होतोय आणि स्टुडिओ असल्यासारखं वाटतंय एवढंच, ५० हर्ट्झला त्याचा काही उपयोग नाही. बॉयलरला आणि पाइपला जे इन्सुलेशन गुंडाळतात तेच रॉकवूल, तू एमआयडीसीत आहेस, तुला कुठं मिळतंय ते शोधायला वेळ लागणार नाही. कापताना मास्क आणि ग्लोव्हज घाल, अंगाला खाज सुटते. ह्या सगळ्याला जो खर्च येईल तो तुझ्या लोनच्या व्याजापेक्षा कमी असेल आणि तुझ्या आत्ताच्याच स्पीकरवर तुला पहिल्यांदा खरा बास कळेल.

आता पैशाचं, कारण खरं दुखणं तिथं आहे. दीड हजार हा आकडा तुझ्याकडं आला कुठनं? पत्रात तू सांगितलं नाहीस, मला वाटतं तुलाही माहीत नसेल, कुणीतरी दुसरा घेतोय म्हणून तूही घेतोयस. एकदा नीट मांडून बघूया. नोकरीतले २४ हजार घरात येतात तेवढे तरी यायला पाहिजेत. वर लाइट बिल, नेट, हार्ड डिस्क, प्लगइनचं (मिक्सिंगच्या छोट्या सॉफ्टवेअरचं) रिन्युअल, कधीतरी बिघडणारा ऑडिओ इंटरफेस ह्यासाठी समज आठ हजार बाजूला. झाले ३२ हजार. एका गाण्याला तुझे तास किती जातात? फक्त मिक्सचे धरू नकोस, फाइल लावून घ्यायच्या, व्होकल साफ करायचा, ट्यूनिंग, फोनवर बोलणं, करेक्शन, परत एक्स्पोर्ट, हे सगळं धर. बारा तास कमीत कमी. आणि पूर्णवेळ जरी केलंस तरी महिन्यात कान ताजे ठेवून खरं काम शंभर तासाच्या वर होत नाही, बाकी वेळ कामं मिळवण्यात आणि निरोपांत जातो. म्हणजे गाणी झाली आठ. ३२ हजार भागिले आठ, चार हजार. हा काय बाजारभाव नाही, तुझ्या घराचा भाव आहे, तुझे आकडे घालून परत कर. पण दीड हजारानं आठ गाणी म्हणजे बारा हजार, आणि निम्मे बुडले तर सहा. ह्या गणितावर नोकरी सोडायचा विचारच कसा करायचा सांग बघू.

तू म्हणशील दादा चार हजार सांगितले तर ओळखीचे पळून जातील. काही जातील. जे "आपलंच हाय" म्हणून पैसे देत नाहीत ते गेले तर तुझ्या रात्री मोकळ्या होतील आणि त्या रात्रींत पैसे देणारं काम बसेल. जवळच्या एखाद्याचं फुकट करायचं असेल तर मनापासून कर, पण आधीच सांग की हे माझ्याकडून, बिल चार हजाराचं आहे आणि मी ते घेत नाहीय. फुकट आणि उधार ह्यात फरक राहिला पाहिजे. उधारीनं मैत्री नासते, भेट दिल्यानं नासत नाही.

आणि तू क्वालिटीला आहेस की रे. तुमच्या कंपनीत ड्रॉइंग आणि पीओ (ऑर्डरचा कागद) आल्याशिवाय जॉब मशीनवर चढतो का? टॉलरन्स (किती फरक चालेल ते) आधी ठरलेला असतोय म्हणून तर तू जॉब पास का रिजेक्ट ते सांगू शकतोस. गाण्यात तू ड्रॉइंगशिवाय काम घेतोयस, मग पार्टी (गिऱ्हाईक) म्हणेल तोपर्यंत घासत बसावं लागतंय. एक मेसेज तयार ठेव, प्रत्येकाला तोच पाठवायचा, मावसभाऊ असला तरी:

"गाणं एक, मिक्स आणि मास्टर, चार हजार. दोन हजार आधी. फाइल सगळ्या आल्या आणि चेक झाल्या की सात दिवसांत पहिलं मिक्स. करेक्शन दोन वेळा, एकाच माणसानं, एकाच मेसेजमध्ये, मिनिट-सेकंद लिहून. तिसऱ्यापासून प्रत्येकी पाचशे. परत गायलं किंवा वाद्य बदललं तर ते नवीन काम. ऐकायला एमपी३ मिळेल, राहिलेले दोन हजार आले की वेव्ह फाइल."

एवढंच. पार्टीनं "ओके" लिहिलं की काम सुरू. त्यातलं "एकाच माणसानं" हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण मंडळाचं गाणं म्हणजे अध्यक्ष म्हणतो ढोल वाढव, गायक म्हणतो माझा आवाज पुढं घे, ज्यानं पैसे दिलेत तो म्हणतो त्याचं नाव ज्या ओळीत आहे ती ओळ जोरात पाहिजे, आणि हे सगळे रात्री साडेअकराला वेगवेगळे व्हॉइस नोट पाठवतात. तू प्रत्येकाचं ऐकत गेलास तर चौथ्या दिवशी मिक्स कुणाचंच राहत नाही. त्यांना सांग, तुम्ही एकत्र बसून ऐका, ठरवा आणि एकानं लिहून पाठवा. चिडणार नाहीत, उलट नीट काम करणारा माणूस आहे असं वाटतं.

फाइलींचं पण आधीच सांगायचं. २४ बिट वेव्ह, सगळे ट्रॅक शून्यापासून सुरू होणारे, टेम्पो लिहिलेला, मास्टरवरचा लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं प्लगइन) काढलेला, आणि सोबत त्यांचं स्वतःचं रफ मिक्स. रफ मिक्स मागायला विसरू नकोस, पार्टीच्या डोक्यात काय आहे ते त्यात ऐकू येतं आणि ते लोक महिनाभर तेच ऐकत असतात, तुझं मिक्स त्यापेक्षा वेगळं वाटलं की आधी "काहीतरी गेलंय" असंच म्हणतात. व्हिडिओसाठी असेल तर ४८ किलोहर्ट्झ. व्हॉट्सअॅपवर पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर ड्राइव्हची लिंक. व्होकल मोबाइलवर रेकॉर्ड केलेला असेल तर काम घ्यायच्या आधी फोन करून सांग की ह्यात असं असं होईल, हे होणार नाही. नंतर सांगितलेलं कारण वाटतं, आधी सांगितलेला सल्ला वाटतो.

आता लाऊड. ह्यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण ह्या एका शब्दापायी आपल्याकडची चांगली चांगली गाणी मारली जातात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

आवाज मोठा केला की माणसाला बास आणि वरची किणकिण दोन्ही जास्त ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन ह्या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. म्हणून दोन मिक्स शेजारी लावले तर मोठं वाजणारं भारी वाटतं, त्यात पार्टीची काही चूक नाही. तू काय कर, तुझं आणि त्यांच्या आवडीचं गाणं दोन्ही सारख्या लेव्हलला आणून ऐकव, मग विचार काय कमी आहे. बऱ्याचदा उत्तर "आवाज जरा पुढं पाहिजे" किंवा "बास नीट कळंना" असं येतं, ते लाऊडनं सुटत नाही, मिक्समध्ये सुटतं.

स्पॉटिफाय नॉर्मल सेटिंगला सगळी गाणी -१४ लफ्सच्या (गाणं सरासरी किती मोठं वाजतं त्याचं माप) आसपास आणून वाजवतं. तू ठोकून ठोकून -७ केलंस तर ते सरळ सात डीबी खाली ओढतात, मग तुझं गाणं दुसऱ्याएवढंच वाजतं पण त्यातला जीव गेलेला असतो. यूट्यूब पण मोठं असेल तर खाली ओढतं, मात्र हळू असेल तर वर उचलत नाही. हे पार्टीला समजावत बसण्यापेक्षा दाखव. कॉम्प्युटरवर यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट क्लिक करून स्टॅट्स फॉर नर्ड्स उघड, त्यात व्हॉल्यूमच्या ओळीत समज १०० टक्के / ४९ टक्के आणि पुढं कंटेंट लाउडनेस ६.२ डीबी असं दिसलं, तर त्याचा अर्थ हे गाणं ६.२ डीबी जास्त होतं म्हणून यूट्यूबनं ते निम्म्यावर आणलंय. मंडळाच्या पोरांना त्यांच्याच आवडत्या गाण्यावर हे एकदा दाखवलंस की वाद संपतो. ह्याचा अर्थ सगळं -१४ लाच ठेवायचं असा नाही हं, गाण्याला जिथं बरं वाटतं तिथं थांबायचं, -१० ला थांबलं तरी चालतंय, फक्त ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यात उंच टोक) -१ डीबीच्या वर जाऊ देऊ नकोस म्हणजे कॉम्प्रेस झालेली फाइल फुटत नाही.

पण डॉल्बीची गोष्ट वेगळी आणि तिथं मी तुझ्या पार्टीच्या बाजूनं आहे. तिथं पेन ड्राइव्ह लागतो, कुणी लेव्हल सारखी करत नाही, मागचं गाणं दणक्यात वाजलं आणि तुझं आलं की हवा गेली असं झालं तर अध्यक्ष रागावणारच. म्हणून डॉल्बी व्हर्जन वेगळं कर आणि त्याचे वेगळे पैसे सांग. त्यात दोन गोष्टी सांभाळ. पहिली म्हणजे मोनो. बहुतेक ठिकाणी ट्रॉलीवर दोन्ही बाजूला एकच सिग्नल जातोय, आणि तू जर कोरस रुंद करायला डावीकडं-उजवीकडं थोडा डिले टाकला असशील किंवा वायडनर लावला असशील तर मोनो झाल्यावर ते एकमेकांना खातात आणि कोरस पाण्यात बुडाल्यासारखा येतो. म्हणून मास्टरवर मोनोचं बटण कायम हाताशी ठेव, आणि १०० हर्ट्झच्या खालचं सगळं मधोमध.

दुसरी हलगी. तिचा सगळा दिमाख पहिल्या काही मिलिसेकंदात असतो, काडी पडते तो कडाका. तू तिच्यावर एक मिलिसेकंद अटॅकचा कॉम्प्रेसर (म्हणजे आवाज आला की मिलिसेकंदात तो दाबणारा) लावलास, वर मास्टरला लिमिटरनं आठ-नऊ डीबी दाबलंस की तो कडाका सपाट होतो आणि उरतं नुसतं डबडब. मग तू म्हणतोस हलगी मागं गेली, फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) वर करतोस, लिमिटर अजून दाबतो, असं ते वर्तुळ चालू राहतं. अटॅक २०-३० मिलिसेकंदांवर ने, कडाका सुटू दे आणि मागचा नाद दाब. लाउडनेस पाहिजेच असेल तर हलगीच्या आणि किकच्या बसवरच (त्यांचे ट्रॅक एकत्र येतात त्या चॅनेलवर) आधी क्लिपरनं टोकं थोडी थोडी कापून घे म्हणजे मास्टरच्या लिमिटरला दोन-तीन डीबीच काम उरतं. हलगीबरोबर वाजणाऱ्या घुमक्याला आणि किकला एकाच जागी भांडायला लावू नकोस, एकाला ६० च्या आसपास जागा दे, दुसऱ्याला १०० च्या वर. आणि मोबाइलच्या स्पीकरवर ६० हर्ट्झ ऐकू येतच नाही, म्हणून बासवर थोडं सॅच्युरेशन टाक म्हणजे त्याची वरची हार्मोनिक्स (पटीतले वरचे सूर) तरी लोकांना कळतात. गावातली निम्मी लोकं गाणं मोबाइलवरच ऐकणार आहेत.

ह्याच कारणानं मला वाटतं तू मुंबईला जायची घाई करू नये. आपल्या गावाला हे बोलणं नवीन नाही बघ, बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली, प्रभात १९२९ ला इथं उभी राहिली आणि १९३३ ला पुण्याला गेली, तेव्हापासून प्रत्येक पिढीतला कोणीतरी म्हणतोय इथं राहून काय होणार. पण तेव्हा काम करायचं तर माणसाला कामाच्या जागी जावं लागायचं. मिक्सिंगच्या फाइली ड्राइव्हवर जातात, पार्टी सांगलीची आहे का दादरची ह्यानं तुझ्या खुर्चीला फरक पडत नाही, आणि घरभाडं द्यायचं नसल्यानं तुझा चार हजाराचा आकडा बसतो, मुंबईत तोच आकडा दुप्पट करून पण पुरणार नाही. शिवाय तू चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठीच्या शेजारी उभा राहून हलगी ऐकलीयस. ज्यानं ती फक्त सॅम्पल पॅकमध्ये ऐकलीय त्याला ती कशी वाजली पाहिजे हे शिकायला किती वर्षं लागतील? पोवाडे, भक्तिगीतं, जयंतीची गाणी, हलगी-घुमकं आणि डॉल्बी ह्या कामात तुझं नाव झालं तर बाहेरचे लोक तुला शोधत येतील.

एक गोष्ट मात्र इथं कमी पडते, ती म्हणजे मोठ्या माणसाच्या शेजारी बसून बघणं. ती घरबसल्या व्हिडिओ बघून मिळत नाही. वर्षातून एकदा आठ-दहा दिवसांची रजा टाक, महालक्ष्मी एक्स्प्रेस पकड, आणि ज्याचं काम तुला आवडतं त्याला आधीच नम्रपणे लिहून विचार की मागं गप बसून बघू का. सगळे नाही म्हणत नाहीत. तिथं प्लगइन कुठलं ते बघू नकोस, तो कधी थांबतो ते बघ आणि पार्टीशी कसा बोलतो ते बघ.

नोकरी तर आत्ता अजिबात सोडू नकोस. आपलं काम सीझनचं आहे, गणपतीच्या आधी, नवरात्रात, शिवजयंतीला, १४ एप्रिलच्या आधी फोन उचलायला वेळ नसतो आणि मधले महिने कोरडे. गणपतीच्या महिन्यातली कमाई बघून राजीनामा दिलास तर दिवाळीनंतर परत नोकरी शोधावी लागेल. घरखर्चाचे सहा महिन्यांचे पैसे बँकेत असू देत, चार-पाच पार्ट्या तू न विचारता परत यायला लागू देत, आणि कोरड्या महिन्यांतसुद्धा पगाराच्या निम्मे तरी सुटू देत, मग विचार कर. कोरड्या महिन्यांसाठी पॉडकास्ट, ऑडिओबुक, यूट्यूब चॅनेलवाल्यांचा साउंड साफ करणं असली कामं धर, मानाची वाटत नाहीत पण महिन्याच्या महिन्याला येतात.

कागदाचं थोडक्यात. मिक्सिंग करणाऱ्याला आपल्या कायद्यात रॉयल्टीचा हक्क नाही, २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांना तो मिळाला, तुला नाही, म्हणून "आत्ता कमी घे, पुढं रॉयल्टीत बघू" असं कोणी म्हणालं तर गोड बोलून फी आधी घे. डिस्क्रिप्शनमध्ये मिक्स-मास्टर म्हणून नाव टाकायचं हे मात्र त्या मेसेजमध्येच घाल. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर जीएसटी नंबरची गरज नाही. उद्यमचं (छोट्या उद्योगांचं सरकारी) रजिस्ट्रेशन ऑनलाइन फुकट होतं, ते करून ठेव, एखाद्या कंपनीचं काम आलं तर करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायला ती बांधील असते. रिटर्नचं एखाद्या सीएला विचार. आणि क्रॅक प्लगइन वापरत असशील तर बंद कर. रीपर नावाचं मिक्सिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि नंतर तुझ्या कमाईवाल्याला ६० डॉलरमध्ये लायसन्स मिळतं, त्यातल्या साध्या ईक्यू-कॉम्प्रेसरवर उत्तम मिक्स होतं. मिरवणुकीच्या आदल्या रात्री क्रॅक प्लगइननं सेशन उघडायला नकार दिला तर अध्यक्षाला काय सांगणार? प्रत्येक सेशन दोन वेगळ्या डिस्कवर आणि एक कॉपी ड्राइव्हवर, ही सवय पण आत्ताच लाव.

वडिलांचं म्हणशील तर ते चुकीचं बोलत नाहीत. त्यांना दिसतंय काय, पोरगं रात्री दोनला जागं, सकाळी डोळे लाल करून शिफ्टला जातंय आणि हातात काही येत नाही. ज्यांनी आयुष्यभर ड्यूटी केलीय त्यांना काम म्हणजे वेळ आणि पगार हे दोन्ही दिसायला पाहिजेत. एक वही कर, कुणाचं गाणं, किती ठरले, किती आले, किती बाकी, आणि महिन्याच्या शेवटी ती त्यांच्यासमोर उघडून ठेव. बाकी वसूल करायला कुणाला फोन करू हेही त्यांनाच विचार. रात्री अकराला हेडफोन खाली. तसंही अकरानंतर कान थकलेला असतो आणि त्या वेळी वाढवलेला ट्रेबल सकाळी टोचतो.

आणि आता कान. पत्रात तू हे सगळ्यात शेवटी लिहिलंस पण मला सगळ्यात जास्त काळजी ह्याची वाटली. शिट्टी जर दोन-तीन दिवसांत गेली असती तर वेगळं, गणपतीपासून राहिलीय म्हणजे डॉक्टरला दाखवायलाच पाहिजे. कामाच्या ठिकाणचा जो हिशोब सांगतात तो असा, ८५ डीबीला आठ तास, मग दर तीन डीबीला वेळ निम्मा, म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० डीबीला पंधरा मिनिटं. डॉल्बीसमोर आवाज १०० च्या वर जातो आणि तू तिथं तुझं मिक्स कसं वाजतंय ते बघायला किती वेळ उभा होतास ते तुलाच माहीत. परत तसं ऐकायचं असेल तर इअरप्लग घालून, बाजूला, आणि एक गाणं झालं की निघायचं. घरी मिक्स करताना शेजारी बसलेल्याशी आवाज न चढवता बोलता आलं पाहिजे एवढ्याच लेव्हलला ठेव, तासाभरानं दहा मिनिटं पूर्ण शांतता.

ह्याच आठवड्यात ईएनटीकडं जा आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घे, खाजगी परवडत नसेल तर सीपीआर सरकारी दवाखान्याची ओपीडी आहे. डॉक्टरला हे पण सांग की मी ह्याच कानांवर काम करतो आणि शिट्टी एकाच बाजूला आहे. रिपोर्ट येईपर्यंत हेडफोन बंद, हातातली गाणी आठवडाभर पुढं ढकल आणि पार्टीला खरं कारण सांग. रिपोर्ट आला की मला परत लिही.